बाण म्हणतो, 'सरळ जा!'



गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. चाकणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाहेरचा परीक्षक म्हणून मला तेथे जायचे होते. मी राहतो पिंपळे सौदागरला. रस्ता पाठ आहे. नाशिक फाटा गाठायचा आणि पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी करीत चाकणला पोचायचे. पण सकाळच्या वेळी या रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्या आणि मालाचे ट्रक यांची काय दाटी असते, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. म्हणून मी मोबाइलवरच्या नकाशाला विचारले. त्याने तत्परतेने उत्तर दिले, "मोशीच्या अलीकडे डावीकडे वळा, सतरा मिनिटे वाचतील."

सतरा मिनिटे कोणाला नकोत? मी वळलो. थोडा वेळ चांगला डांबरी रस्ता होता. मग मुरमाचा लागला. मग उसाच्या दोन शेतांमधून जाणारी गाडीवाट लागली. नकाशावरचा बाण मात्र निर्धास्तपणे 'सरळ जा' म्हणत होता. शेवटी एक ओढा आला. ओढ्यावर सिमेंटचे नळ टाकून ठेवलेले होते. पूल अजून व्हायचा होता. बांधावर गवत कापणाऱ्या एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, म्होरं रस्ता न्हाई. सकाळधरनं तुमचा चौथा नंबर!"

गाडी वळवायला जागा नव्हती. मोठ्या कष्टाने ती मागे मागे घेत डांबरी रस्त्यापर्यंत आणली. महाविद्यालयात पोचलो तेव्हा पन्नास मिनिटे उशीर झाला होता. मुले जर्नल छातीशी धरून व्हरांड्यात उभी होती. आधीच परीक्षेची धास्ती, त्यात परीक्षकाचा पत्ता नाही! त्यांच्याकडे पाहताना मला फार ओशाळल्यासारखे झाले.

संध्याकाळी घरी ही हकीकत सांगितली तेव्हा आठवीतल्या माझ्या मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही ओढ्याच्या काठावर उभे आहात हे त्या बाणाला अगदी बरोबर कळत होते. मग पुढे रस्ता नाही, एवढे का कळले नाही?"

प्रश्न साधा आहे, पण भल्याभल्यांना तो पडत नाही. आणि तो नेहमी पन्नास मिनिटांच्या उशिरावर भागत नाही.

कोतूळची रात्र

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडून निघालेले तिघे जण कळसूबाईच्या शिखराकडे चालले होते. रात्रीची वेळ होती. वाट चुकली म्हणून त्यांनी मोबाइलवरच्या नकाशाचा आधार घेतला. नकाशाने अकोले तालुक्यातील कोतूळजवळचा, अकोल्याकडे नेणारा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावरचा जुना पूल त्या वेळी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. वर्षातले सुमारे चार महिने तो पाण्याखालीच असतो आणि परिसरातल्या लोकांना हे ठाऊक आहे. परक्याला सावध करणारा फलक मात्र तेथे नव्हता, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे जण कसेबसे बाहेर पडले. गाडी चालवणारा बुडून मरण पावला.

अशा घटना पुढेही घडल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या एका पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा काही भाग आधीच्या पुरात वाहून गेलेला होता. नकाशावर पूल अखंड होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक महिला खाडीपुलावरून जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागली आणि तिची मोटार ध्रुवतारा जेट्टीवरून थेट खाडीत गेली. सागरी सुरक्षेसाठी तैनात असलेले पोलीस जवळच होते, म्हणून ती वाचली.

या सगळ्यांनी एका सल्ल्यावर विश्वास ठेवला होता. सल्ला देणारा समोर नव्हता आणि तो कोण हेही त्यांना ठाऊक नव्हते. हा सल्ला तयार होतो कसा, हे आज पाहू या. त्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नकाशा आपल्याला दोन अगदी वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. पहिला प्रश्न, 'मी कुठे आहे?' दुसरा प्रश्न, 'मी कसे जावे?' दोन्ही उत्तरे एकाच पडद्यावर, एकाच बाणाच्या रूपाने दिसतात, म्हणून ती सारख्याच भरवशाची वाटतात. पण त्यांची कुळे निराळी आहेत.

मी कुठे आहे?

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद तुम्ही कधी मोजले आहेत का? ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीन सेकंद लागले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली असे समजावे. म्हणजे वेग ठाऊक असला आणि वेळ मोजता आली, की घड्याळ हीच मोजपट्टी होते.

जीपीएस नावाची यंत्रणा नेमके हेच करते. तिचा पहिला उपग्रह अमेरिकेने १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तिचे उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वीला फेरी घालतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक आण्विक घड्याळ असते. उपग्रह रेडिओ लहरींवरून सतत सांगत असतो, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत.' मोबाइल हे नुसते ऐकतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की त्या उपग्रहापासूनचे अंतर मिळते. उपग्रह डोक्यावर असेल तर हा फरक सुमारे ६७ सहस्रांश सेकंद असतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो!

एका उपग्रहापासूनचे अंतर कळले म्हणजे आपण त्या उपग्रहाभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कोठे तरी आहोत. दुसऱ्या उपग्रहाचा दुसरा गोल. दोन गोल एकमेकांना वर्तुळात छेदतात. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. त्यांतला एक बिंदू दूर अवकाशात पडतो, तो सोडून द्यायचा. मग चौथा उपग्रह कशाला? तर मोबाइलमधले घड्याळ आण्विक नसते. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ३०० मीटर जातो, त्यामुळे घड्याळ तेवढे चुकले तरी आपण तीनशे मीटर चुकू. म्हणून मोबाइल स्वतःच्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी मानतो आणि चार समीकरणे सोडवतो. एकसामयिक समीकरणांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.

आइन्स्टाइनही या हिशेबात हजर असतात. उपग्रह वेगाने जात असल्यामुळे त्याचे घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. तेथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ते सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी केली तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अंतरात सुमारे ११ किलोमीटरची चूक साठेल. ३८ मायक्रोसेकंदांना प्रकाशाच्या वेगाने गुणून स्वतः ताळा पाहा.

एवढी काळजी घेतल्यामुळे मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल आपली जागा सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. पण पाच मीटर म्हणजे अचूक नव्हे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गावर मुख्य रस्ता आणि त्याला खेटून जाणारा सेवा रस्ता यांत बाणाचा गोंधळ उडतो तो यामुळेच. आमच्या पिंपळे सौदागरात उंच इमारती दाटीने उभ्या आहेत. लहरी भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने मोबाइलपर्यंत येतात, अंतर वाढल्यासारखे वाटते आणि बाण शेजारच्या सोसायटीत उडी मारतो. सामान पोचवणारी मुले भलत्याच फाटकापाशी येऊन "सर, मी तर खाली उभा आहे" असे फोनवर सांगतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

उंचीच्या बाबतीत तर चूक आणखी मोठी असते. कारण उघड आहे. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात. खालच्या बाजूचे उपग्रह पृथ्वीनेच झाकलेले असतात. आडव्या दिशेत चारी बाजूंनी खेचाखेच होऊन चूक बरीचशी मिटते, उभ्या दिशेत तसे होत नाही. म्हणून आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे मोबाइलला खात्रीने सांगता येत नाही. बेलापूरचा प्रसंग आठवा.

तरीही एवढे मान्य करायला हवे की 'मी कुठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर हे मोजमाप आहे. त्यात किती चूक असू शकते हे आपल्याला ठाऊक आहे. ओढ्याच्या काठावर बाण बरोबर उभा होता, तो यामुळे.

मी कसे जावे?

आता दुसरा प्रश्न. पुष्कळांची अशी समजूत असते की उपग्रह वरून रस्ता पाहतो आणि आपल्याला सांगतो. हे साफ चूक आहे. जीपीएसच्या उपग्रहाला रस्ता दिसत नाही, ओढा दिसत नाही आणि तुम्हीही दिसत नाही. तो फक्त वेळ सांगतो. ऐकणारे कोण आणि किती, याची त्याला गंधवार्ता नसते.

मग वाट कोण सांगते? येथे एक जुनी गोष्ट सांगतो. १९५६ साली ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत एड्सगर डायक्स्ट्रा हा डच तरुण आपल्या वाग्दत्त वधूबरोबर कॉफी घेत बसला होता. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत जवळच्या वाटेने कसे जावे, हे संगणकाला शोधायला कसे शिकवावे, असा विचार त्याच्या डोक्यात चालू होता. कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत त्याने रीत शोधून काढली. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. आजची वाट शोधणारी ॲपे त्या रीतीच्या सुधारलेल्या वंशजांवर चालतात.

रीत अशी. प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू, आणि दोन चौकांमधला रस्ता म्हणजे त्या बिंदूंना जोडणारी रेघ. प्रत्येक रेघेवर एक आकडा लिहायचा: हा तुकडा पार करायला किती मिनिटे लागतात. निघाल्या ठिकाणापासून सर्वांत कमी बेरजेचा बिंदू पक्का करायचा, तेथून शेजारच्या बिंदूंच्या बेरजा करायच्या, पुन्हा सर्वांत कमी बेरीज निवडायची, असे करीत मुक्कामापर्यंत जायचे. गणित बिनचूक आहे. पण लक्षात घ्या, यंत्र रस्ता पाहत नाही, रेघेवरचा आकडा पाहते. आकडा चुकीचा असेल, किंवा जेथे रेघच नको तेथे रेघ असेल, तर बिनचूक गणितातून चुकीचे उत्तर बाहेर येते.

हे आकडे आणि या रेघा येतात कोठून? काही सरकारी नकाशांतून, काही उपग्रहांनी काढलेल्या छायाचित्रांवरून. ही छायाचित्रे काढणारे उपग्रह निराळे, आणि छायाचित्र काही महिन्यांचे, कधी काही वर्षांचेही जुने असू शकते. काही माहिती हौसेने भर घालणाऱ्या सामान्य लोकांकडून येते. आणि गर्दीची बरीचशी माहिती येते ती रस्त्यावरच्या इतर प्रवाशांच्या मोबाइलकडून. मोबाइल आपली जागा ठरवतो आणि इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाला कळवतो. एका रस्त्यावरचे पुष्कळ मोबाइल रांगत असतील तर तेथे गर्दी आहे, असा निष्कर्ष निघतो.

२०२० च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलावंताने याची गंमत दाखवून दिली. त्याने ९९ जुने मोबाइल एका हातगाडीत भरले आणि ती गाडी ओढत रिकाम्या रस्त्यावरून तो सावकाश चालला. नकाशावर तो रस्ता लाल झाला! यंत्राला वाटले, ९९ मोटारी अडकून पडल्या आहेत. प्रत्यक्षात होता एक माणूस आणि एक हातगाडी.

म्हणजे नकाशाने सांगितलेली वाट हा असंख्य अनोळखी माणसांच्या हालचालींवरून बांधलेला अंदाज असतो. त्या माणसांना आपण सल्ला देत आहोत याची कल्पनाही नसते. माझ्या गाडीवाटेचे असेच झाले असावे. त्या वाटेने शेतकरी मोटारसायकलवरून जात-येत असणार, ट्रॅक्टर जात असणार. त्यांच्या खिशातले मोबाइल सांगत असणार, 'येथे वाट आहे आणि ती मोकळी आहे.' त्यांच्यापुरते ते खरेच होते.

न बोलणारे पुरावे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एखाद्या रस्त्यावर रात्री एकही मोबाइल हलताना दिसत नाही. याचा अर्थ काय? एक अर्थ असा की रस्ता मोकळा आहे, गर्दी नाही, खुशाल जा. दुसरा अर्थ असा की रस्ता बंद आहे आणि ज्यांना हे ठाऊक आहे ते तिकडे फिरकतच नाहीत. 'कोणी अडकलेले नाही' आणि 'कोणी गेलेलेच नाही' या दोन गोष्टी माहितीच्या वहीत सारख्याच दिसतात. दोन्हीकडे कोरी जागा!

शहरात ही अडचण लवकर सुटते. रोज हजारो वाहने जाणारा रस्ता एकदम ओस पडला तर यंत्राला संशय येऊ शकतो. पण जेथे एरवीही रात्री चार-दोनच वाहने जातात, अशा आडवाटेवर ओस पडणे हीच नेहमीची स्थिती. पूल पाण्याखाली गेला काय आणि वर राहिला काय, वहीत फरक पडत नाही. ज्या गावकऱ्यांना पाण्याखालचा पूल पाठ असतो, त्यांना नकाशा लावायची गरज नसते. ज्यांना गरज असते, त्यांना पूल ठाऊक नसतो. नेमके ज्ञान असलेली माणसे गप्प राहतात आणि अज्ञानाला मात्र बाण मिळतो.

माझ्या आधी परत फिरलेल्या तिघांपैकी एकानेही चूक कळवली असती तर कदाचित मी वाचलो असतो. पण फसलेला माणूस चरफडत निघून जातो. त्याचा पश्चात्ताप कोठे नोंदला जात नाही. मी तरी वेगळे काय केले होते?

जुन्या नकाशांची एक शिस्त मला येथे आठवते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. या विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर सर्वेक्षणाचे साल छापलेले असते. साल वाचले की वाचणारा आपोआप सावध होतो: यानंतर येथे धरण झाले असेल, रस्ता वळला असेल. मोबाइलवरच्या नकाशात प्रत्येक रस्त्याशेजारी असे साल नसते. त्यामुळे कालची माहिती आणि पाच वर्षांपूर्वीची माहिती एकाच तुकतुकीत रंगात दिसते.

पाणी किती फसवे

कोणी म्हणेल, समोर पाणी दिसल्यावर गाडी थांबवायला काय झाले? रात्री पाणी दिसत नाही, हेच तर खरे कारण. डांबरी रस्ता खडबडीत असतो. दिव्यांचा प्रकाश त्यावर पडून चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. संथ पाणी आरशासारखे असते. तिरका पडलेला प्रकाश ते पुढच्या पुढेच परावर्तित करते. चालकाकडे जवळजवळ काहीच येत नाही. काळा पट्टा दिसतो आणि तो रस्ताच वाटतो. त्यात ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यात १७ मीटर संपले, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरही पुढे थांबायला सुमारे २० मीटर लागतात.

पाणी थोडेच आहे, जाऊ पलीकडे, असेही काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी आर्किमिडीजचे तत्त्व वापरून ढोबळ गणित करू. माणसांसह लहान मोटारीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम धरा. लांबी ४ मीटर आणि रुंदी १.६ मीटर, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर. तळाच्या वर पाणी एक सेंटीमीटर चढले की मोटार ६४ लिटर, म्हणजे ६४ किलोग्रॅम पाणी बाजूला सारते. १२०० ला ६४ ने भागले की सुमारे १९ येतात. तळ रस्त्यापासून १७ सेंटीमीटर उंच असेल, तर पाणी ३६ सेंटीमीटर होताच मोटारीचे सगळे वजन प्लावक बलाने पेलले जाते. ३६ सेंटीमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्याही खाली! चाके रस्ता सोडतात आणि मग ब्रेक व सुकाणू यांचा उपयोग उरत नाही. प्रवाह असेल तर याहून कमी पाण्यातही मोटार ढकलली जाते.

आणि मोटार बुडू लागली तर? दाराचे क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर आणि पाण्याची सरासरी खोली अर्धा मीटर धरा. दारावरचे बल सुमारे ३९०० न्यूटन येते. म्हणजे दाराला बाहेरून चारशे किलोग्रॅमचे ओझे टेकवून ठेवल्यासारखे आहे. पैलवानालाही ते ढकलता येणार नाही. म्हणून अशा वेळी दाराशी झटापट करू नये. पट्टा सोडावा, खिडकीची काच ताबडतोब खाली करावी, मुलांना आधी बाहेर काढावे आणि मागोमाग आपणही खिडकीतून बाहेर पडावे. पहिल्या मिनिटाला येथे फार मोल आहे.

पुढच्या सीटवरचे वाटाडे

हे सगळे मी तुम्हाला का सांगतो आहे? कारण वाहन वडील चालवतात आणि मोबाइल तुमच्या हातात असतो. "बाबा, आता उजवीकडे" असे सांगणारे तुम्हीच. तेव्हा बाणाचा निरोप पुढे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. ही गोष्ट प्रत्यक्ष कोणी पाहिली आहे? केव्हा पाहिली आहे? आणि ती चुकीची निघाली तर नुकसान कोणाचे होणार?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मिळत नसेल आणि तिसऱ्याचे उत्तर 'आपले' असे असेल, तर काच खाली करून रस्त्याकडेच्या माणसाला विचारावे. तोही अनोळखीच, हे खरे. पण तो तेथे राहतो. त्याने ओढा आज सकाळी पाहिलेला असतो. त्याला उलट प्रश्न विचारता येतो: "चारचाकी जाईल ना? पुलावर पाणी नाही ना?" त्याचा चेहरा पाहून त्याला खात्री आहे की तो अंदाजाने सांगतो आहे, हेही थोडेफार कळते. बाणाचा चेहरा नेहमी सारखाच असतो.

हे तीन प्रश्न नकाशापुरते नाहीत. मोबाइलवर अनोळखी माणसे औषधे सांगतात, घरी करायचे विजेचे प्रयोग दाखवतात, पैसे कोठे गुंतवावे हेही सांगतात. ज्यांना गुण आला ते उत्साहाने लिहितात. ज्यांचा हात भाजला किंवा पैसे बुडाले त्यांतले पुष्कळ जण लाजेने गप्प बसतात. तेथेही कोरी जागा वाचायला शिकले पाहिजे.

करून पाहा

१. मोबाइलवर आपली जागा दाखवणारा ठिपका आधी मोकळ्या मैदानात आणि मग दोन उंच इमारतींच्या मधे पाहा. दहा मिनिटे एकाच जागी उभे राहून ठिपका किती सरकतो ते वहीत मांडा.

२. शाळा ते घर या वाटेवरचे चौक बिंदूंनी आणि रस्ते रेघांनी दाखवा. प्रत्येक रेघेवर लागणारी मिनिटे लिहा आणि डायक्स्ट्राच्या रीतीने कमी वेळाची वाट काढा. मग एका रेघेवरचा आकडा मुद्दाम चुकवा आणि काय होते ते पाहा.

३. आपल्या परिसरातल्या अशा पाच गोष्टी लिहा ज्या तुम्हाला ठाऊक आहेत पण नकाशाला नाहीत. आठवडे बाजाराच्या दिवशी बंद होणारा रस्ता, पावसाळ्यात बुडणारा फरशी पूल, रात्री कुलूप लागणारे फाटक अशा गोष्टी सापडतील. बहुतेक ॲपांत चूक कळवण्याची सोय असते. मोठ्यांच्या मदतीने यांतली एक तरी चूक कळवा.

त्या संध्याकाळी मुलीने माझ्या हातून मोबाइल घेतला, ओढ्याची जागा शोधली आणि 'येथे रस्ता नाही' असे कळवून टाकले. तीन-चार आठवड्यांनी मी कुतूहलाने पुन्हा पिंपळे सौदागर ते चाकण अशी वाट विचारली. बाण आता मोशीवरून सरळ जात होता. तो मुलीच्या कळवण्याने सुधारला, की आणखी कोणाच्या, हे सांगता येत नाही. आजींपर्यंत मात्र ही बातमी पोचवायची राहिली आहे.